शुक्रवारची वही

इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावात आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून एक आजी राहतात. इथे सगळ्यांना नावानेच हाक मारतात, मीही मारतो. मनात मात्र त्या 'शेजारच्या आजी'च. २०१९ च्या ऑक्टोबरात एका शनिवारी सकाळी त्यांनी मला चहाला बोलावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडा होता. आत रबरबँड लावलेल्या डिव्हिडंडच्या, म्हणजे लाभांशाच्या, स्लिपा, घडीवर विरत आलेलं एक शेअर सर्टिफिकेट आणि एक लांबट वही. वही त्यांच्या नवऱ्याची. तो दर शुक्रवारी संध्याकाळी त्यात शेअरचा भाव लिहायचा. तो गेल्यावर आजींनी नेम मोडला नाही. अक्षर तेवढं बदललं.

आदल्या दिवशी लॉइड्स बँकेचा शेअर एकाच दिवसात दहा टक्क्यांहून जास्त वाढला होता. आजींचा प्रश्न सरळ होता: विकू, की थांबू?

मी लीड्सला एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करतो. ताळेबंद वाचणं हा माझा रोजचा उद्योग आहे. तरी मला उत्तर देता येईना, कारण त्या वाढीचं कारण बँकेच्या ताळेबंदात नव्हतंच. बँकेने त्या आठवड्यात काहीही नवीन केलं नव्हतं. झालं होतं ते एवढंच की गुरुवारी, १० ऑक्टोबरला, लिव्हरपूलजवळच्या एका जुन्या हवेलीत ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर भेटले आणि ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, करारापर्यंत जाणारी वाट दिसते आहे, अशा अर्थाचं छोटं निवेदन निघालं. करार नव्हे, वाट. तीही 'शक्य असलेल्या' कराराची. तेवढ्या वाक्यावर शुक्रवारी ब्रिटनमधल्या बँकांची किंमत अब्जावधी पौंडांनी वर गेली. (वराडकरांचे वडील मूळचे मालवणकडचे, हे मराठी वाचकांना सांगायला नको. त्या आठवड्यात आमच्या इकडच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅपवर दुसरा विषय नव्हता.)

या लेखात मला जे म्हणायचं आहे ते त्या वहीतून सुचलेलं आहे. ब्रेक्झिट बरं की वाईट, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. माझं म्हणणं वेगळं आहे. २०१६ च्या ब्रेक्झिट सार्वमताच्या निकालाने छोट्या भागधारकाचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त नुकसान निकालानंतरच्या साडेतीन वर्षांच्या भिजत घोंगड्याने केलं. आणि ते नुकसान पैशात मोजलं तर कमी दिसतं, कारण ते मुळात वेळेचं आहे. मोठ्या फंडाकडे वेळ अमर्याद असतो. ऐंशीच्या घरात पोचलेल्या बाईकडे तो नसतो.

आधी हे शेअर आजींकडे आले कसे ते सांगतो. नाहीतर 'शेअर घेतले म्हणजे जोखीम आलीच' असं म्हणून विषय मिटवला जातो. हॅलिफॅक्स ही मूळची पतसंस्थेसारखी संस्था. १८५३ साली याच गावात निघाली, लोकांच्या ठेवी घ्यायच्या आणि लोकांनाच घरासाठी कर्ज द्यायचं. मालक म्हणजे तिचे खातेदारच. १९९७ साली ती बाजारात उतरली, बँक झाली, आणि सुमारे ७५ लाख खातेदारांना फुकट शेअर मिळाले. गालिच्यांच्या गिरणीत आयुष्य काढलेल्या आजींच्या नवऱ्याने त्याआधी कधी शेअर पाहिलाही नव्हता. पुढे दरवर्षी थोडे थोडे करून त्याने ते वाढवले. २००१ मध्ये हॅलिफॅक्स आणि बँक ऑफ स्कॉटलंड एक झाल्या. २००८ च्या संकटात ती जोडगोळी बुडायला आली, आणि २००९ च्या जानेवारीत लॉइड्सने ती पोटात घेतली. अशा रीतीने गावच्या संस्थेत बचत खातं असलेला माणूस, कुठलाही सट्टा न करता, लॉइड्सचा भागधारक झाला. लॉइड्सच्या वीस लाखांहून अधिक छोट्या भागधारकांत असे लोक पुष्कळ आहेत. त्यांना गुंतवणूकदार म्हणतात खरं; प्रत्यक्षात ते खातेदारच आहेत.

आता २४ जून २०१६. तो शुक्रवारच होता, त्यामुळे वहीत त्याची नोंद आहे. आदल्या दिवशी मतदान झालं होतं. लॉइड्सचा भाव ७२ पेन्सच्या आसपास होता (शंभर पेन्स म्हणजे एक पौंड). रात्री दहाला मतदान संपताना बाहेर पडा म्हणणाऱ्यांचे पुढारी नायजेल फराज यांनी खुद्द आपली बाजू हरते आहे असं सूचित केलं, पौंड दीड डॉलरपर्यंत चढला. पहाट होईपर्यंत चित्र उलटलं: बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१. पौंड १.३२ डॉलरच्या आसपास येऊन आदळला, १९८५ नंतरच्या नीचांकावर. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी राजीनामा जाहीर केला. बाजार बंद होताना लॉइड्स सुमारे २१ टक्के खाली, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड १८, बार्कलेजही त्याच वाटेवर. वहीत आजींच्या हस्ताक्षरात ५७ लिहिलंय आणि बाजूच्या समासात ७२, भोवती गोल करून. सोमवारी पुन्हा घसरण. बार्कलेज आणि रॉयल बँकेच्या शेअरचा व्यवहार मधेच थोडा वेळ थांबवावा लागला. मंगळवार उजाडायच्या आत लॉइड्सचा शेअर पन्नाशीच्या उंबरठ्यावर आला होता.

बँकाच का? चहा-बिस्किटं बनवणाऱ्या कंपनीला एवढी कळ का लागली नाही? याचं उत्तर बँकेच्या धंद्यातच आहे. बँक जे शंभर पौंड कर्जाऊ देते, त्यात मालकांचे, म्हणजे भागधारकांचे, फार थोडे असतात. बाकी ठेवीदारांचे आणि उसने. शंभरातले दोन-तीन जरी बुडाले तरी मालकांच्या वाट्याचा मोठा तुकडा पडतो. त्यात लॉइड्स म्हणजे ब्रिटनमधली सर्वांत मोठी गृहकर्ज देणारी बँक. तिचा धंदा जवळजवळ सगळा देशातच. देशात बेकारी वाढली, घरांच्या किमती उतरल्या, की पहिली झळ तिला. दुसरं कारण व्याजदर. देश अडचणीत दिसला की मध्यवर्ती बँक दर उतरवते. ऑगस्ट २०१६ मध्ये बँक ऑफ इंग्लंडने तो अर्ध्यावरून पाव टक्क्यावर आणला. ठेवीवरचं व्याज शून्याखाली नेता येत नाही आणि कर्जावरचं उतरवावं लागतं, म्हणजे बँकेचं मधलं उत्पन्न आटतं. थोडक्यात, देशी बँकेचा शेअर विकत घेणं म्हणजे देशाच्या पुढच्या पाच-दहा वर्षांवर पैसे लावणं. ज्या देशाला आपण पुढच्या मार्चमध्ये कुठल्या नियमांखाली असू हेच ठाऊक नाही, त्याच्या बँकेची किंमत कोण कशी ठरवणार?

याच दिवसांतली एचएसबीसी बघा. ती शुक्रवारी एक-दोन टक्क्यांवर निभावली आणि पुढच्या काही आठवड्यांत वरही गेली, कारण तिची कमाई हाँगकाँग आणि आशियातून येते. पौंड पडला की तीच कमाई पौंडात फुगून दिसते. लंडनच्या बाजारातल्या सर्वांत मोठ्या शंभर कंपन्यांचं बहुतांश उत्पन्न असंच परदेशातलं आहे. म्हणून त्या शंभर कंपन्यांचा निर्देशांक, फुटसी १००, मतदानाच्या आदल्या पातळीच्या वर आला तो कधी? २९ जूनला. निकालानंतर पाचव्या दिवशी, मधले शनिवार-रविवार धरून. त्या संध्याकाळपासून मंत्री, खासदार आणि वर्तमानपत्रं एकच पालुपद आळवू लागली: बाजार सावरला, घाबरवणारे खोटे ठरले.

मला सर्वांत जास्त चीड या वाक्याची आहे. बाजार सावरला म्हणजे कुणाचा? तेल, औषधं, खाणी आणि परदेशात सिगारेटी विकणाऱ्या कंपन्यांचा. ज्याची पुंजी देशातल्या बँकेत, घरबांधणीत, किराणा साखळीत होती, त्याची कमी झालेली किंमत त्या आकड्यात दिसतच नव्हती. पौंड पडल्यामुळे फुगलेला आकडा हा सुदृढ प्रकृतीचा पुरावा नव्हता, चलन घसरल्याची ती दुसरी बाजू होती. आजींना कुणी निर्देशांक दिलेला नव्हता. त्यांच्याकडे एकाच बँकेचे शेअर होते.

घसरणीचं मी एक वेळ समजू शकतो. मोठी बातमी येते, भाव खाली जातो, हे बाजाराचं कामच आहे. देशाने काही ठरवलं, त्याची किंमत लागली, आता पुढे चला. पण पुढे जाणं झालंच नाही. मार्च २०१७ मध्ये कॅमेरन यांच्यानंतरच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी बाहेर पडण्याची नोटीस दिली आणि दोन वर्षांचं घड्याळ सुरू झालं. त्याच जूनमध्ये त्यांनी स्वतःहून निवडणूक घेतली आणि असलेलं बहुमत घालवलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये कराराचा मसुदा आला, दुसऱ्याच दिवशी ब्रेक्झिट खात्याचे मंत्री डॉमिनिक राब यांनी राजीनामा दिला, आणि रॉयल बँकेचा शेअर एका दिवसात नऊ टक्क्यांहून जास्त पडला. जानेवारी २०१९ मध्ये तो करार संसदेत ४३२ विरुद्ध २०२ मतांनी आपटला. मार्चमध्ये पुन्हा, मार्चअखेर तिसऱ्यांदा. मुदत २९ मार्च होती, ती १२ एप्रिल झाली, मग ३१ ऑक्टोबर, मग ३१ जानेवारी. मधे पंतप्रधान बदलले, संसद स्थगित झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती एकमताने बेकायदा ठरवली. लहानपणी आपण तळ्यात-मळ्यात खेळायचो, तसा एक अख्खा देश साडेतीन वर्षं खेळत होता, आणि प्रत्येक हाकेसरशी बँकांचे शेअर उडी मारत होते.

न्याय्य बोलायचं तर या काळात लॉइड्सच्या भावावर एकट्या ब्रेक्झिटचंच ओझं नव्हतं. ग्राहकांच्या गळ्यात चुकीचा कर्ज-विमा मारल्याबद्दल बँकांना अब्जावधींची भरपाई द्यावी लागत होती, ती मुदत ऑगस्ट २०१९ पर्यंत चालली. व्याजदर जगभरच खाली होते. पण भरपाईचा आकडा बँक जाहीर करते, तो वजा करता येतो. वजा करता येत नाही ती अनिश्चितता. आणि तिची किंमत बँकांनी स्वतःच लावली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये रॉयल बँकेने अर्थव्यवस्थेच्या अनिश्चित भवितव्यासाठी म्हणून १० कोटी पौंड बाजूला काढले. कर्ज अजून बुडालेलं नाही, कोण बुडवणार ठाऊक नाही, तरी आजच तरतूद. ती तरतूद भागधारकांच्याच खिशातून.

वहीतले २०१७ ते २०१९ चे आकडे मी त्या दिवशी पानं उलटून पाहिले. साठीच्या वर, मग पन्नाशी, पुन्हा साठीकडे, ऑगस्ट २०१९ ला पुन्हा पन्नाशीच्या आसपास. तीन वर्षं माणूस जागच्या जागी चालतो आहे असं वाटावं.

या खेळात मोठा आणि छोटा यांच्या हातात सारखीच पानं होती असं कुणी म्हणू नये. मोठ्या फंडांकडे पडत्या भावावर कमावण्याची साधनं असतात, चलनाचा विमा असतो, वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे संसदेच्या, बातम्या क्षणाक्षणाला वाचणारी माणसं असतात. छोट्याकडे दोनच बटणं: विका, ठेवा. आणि कधी कधी तीही नसतात. जुलै २०१६ च्या पहिल्या आठवड्यात स्टँडर्ड लाइफने आपल्या मालमत्ता फंडातून पैसे काढणं बंद केलं. पाठोपाठ अविवा, एम अँड जी आणि आणखी काहींनी. कारण उघड होतं. कार्यालयं आणि दुकानांच्या इमारती दोन दिवसांत विकता येत नाहीत आणि लोक रांगेत उभे होते. ज्यांनी निवृत्तीची रक्कम 'सुरक्षित' म्हणून तिथे ठेवली, त्यांना स्वतःचेच पैसे महिनोन्महिने मिळेनात. डिसेंबर २०१९ मध्ये एम अँड जीने पुन्हा दार लावलं आणि कारणांत ब्रेक्झिटशी निगडित राजकीय अनिश्चिततेचं नाव घेतलं. साडेतीन वर्षांत एकच दार दोनदा बंद.

पण मला सर्वांत जिव्हारी लागलेली गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं गेलं. २००८ च्या संकटात ब्रिटिश सरकारने जनतेच्या २०.३ अब्ज पौंडांनी लॉइड्सला वाचवलं; एक शेअर सरकारला सरासरी ७३.६ पेन्सना पडला. ते शेअर परत विकताना सामान्य लोकांना त्यात वाटा मिळेल असं वचन होतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑसबोर्न यांनी ते जाहीरच केलं: बाजारभावापेक्षा ५ टक्के स्वस्त, वर्षभर ठेवले तर दर दहा शेअरमागे एक बोनस, आणि हजार पौंडांच्या आतल्या छोट्या अर्जांना प्राधान्य. जानेवारी २०१६ मध्ये बाजार डळमळला म्हणून बेत पुढे ढकलला. मग सार्वमत झालं. आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये नवे अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी बाजारातल्या चढउतारांचं कारण देऊन सामान्यांसाठीची ती विक्री रद्दच केली. शेअर विकले गेले, पण बाजारात, थोडे थोडे करून, घेणारे बहुतेक मोठे फंड. मे २०१७ मध्ये शेवटचा शेअर गेला. सरकारने लाभांशासकट २१.२ अब्ज पौंड परत मिळाल्याचं समाधानाने सांगितलं.

हॅमंड यांचा युक्तिवाद मला कळतो. डळमळीत बाजारात सामान्य माणसाला शेअर विकले आणि भाव पडला तर लोक सरकारला धरतील. पण याचा अर्थ नीट बघा. ज्यांच्या करातून बँक वाचली, त्यांना 'तुमच्यासाठी हे धोक्याचं आहे' म्हणून बाहेर ठेवलं, आणि धोका ज्याच्यामुळे आला तो सरकारच्याच घरचा होता. त्या शरदात भाव पन्नाशीच्या वर थोडा होता. त्या भावाला ५ टक्के सूट आणि बोनस धरून दहा वर्षांसाठी घेणाऱ्याला ती वाईट खरेदी नव्हती. ते ठरवण्याचा अधिकार लोकांकडे द्यायला हवा होता. कागदपत्रांत जोखीम मोठ्या अक्षरांत छापा, पण वचन मोडू नका. अनिश्चितता नकोशी झाली की आधी छोट्याचं ताट उचललं जातं, हे मला त्यात दिसलं.

आता ज्या आक्षेपाला मी टाळू शकत नाही त्याकडे येतो. तो माझ्या शेजारीच राहतो. आजींनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं होतं. इथल्या बहुसंख्यांनी दिलं होतं. मी एकदा त्यांना भाव किती उतरला ते दाखवलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मी मत शेअरसाठी दिलं नव्हतं." मला ते उत्तर पटलं. लोकांनी कुठल्या दिशेला जायचं हे बाजाराने सांगू नये. भाव पडतो म्हणून मत चूक, असं मानलं तर पैसेवाल्याचं मत दुप्पट धरल्यासारखं होईल. गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हा या खोऱ्यातल्या माणसांना कुणी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलं, त्यांनी उत्तर दिलं.

म्हणून माझी तक्रार उत्तराबद्दल नाही, प्रश्नाबद्दल आहे. मतपत्रिकेवर एकच इंग्रजी वाक्य होतं, सोळा शब्दांचं: युरोपीय संघात राहायचं की सोडायचं. सोडायचं म्हणजे काय, हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. एकच बाजारपेठ सोडायची का, जकात संघ सोडायचा का, आयर्लंडच्या सरहद्दीचं काय, लंडनच्या बँकांना एका परवान्यावर सगळ्या युरोपात धंदा करता यायचा त्याचं काय? त्याआधी दोन वर्षं स्कॉटलंडने स्वातंत्र्याचं सार्वमत घेतलं तेव्हा तिथल्या सरकारने सहाशेहून जास्त पानांची श्वेतपत्रिका आधी लोकांसमोर ठेवली होती. पटो न पटो, वाचायला काही होतं. कॅमेरन सरकारने बाहेर पडण्याचा कौल आला तर काय करायचं याची तयारी करायला आपल्या खात्यांना सांगितलंच नाही. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने जुलै २०१६ मध्ये त्याला घोर निष्काळजीपणा म्हटलं. मी याहून सौम्य शब्द वापरणार नाही.

तयारी करता येत नव्हती असं नाही. बँक ऑफ इंग्लंडने केली होती. २४ जूनच्या सकाळी, बाजार उघडून तासही झाला नसेल, गव्हर्नर मार्क कार्नी टीव्हीवर आले आणि बँकांना लागल्यास २५० अब्ज पौंड उपलब्ध आहेत असं सांगितलं. ५ जुलैला बँकांना राखीव ठेवायच्या भांडवलाची अट सैल केली. २०१८ मध्ये तिने कराराविना, गोंधळात बाहेर पडावं लागलं तर काय होईल याचं सर्वांत वाईट चित्र मांडलं: अर्थव्यवस्था ८ टक्क्यांनी आक्रसलेली, घरं ३० टक्क्यांनी स्वस्त, बेरोजगारी ७.५ टक्के. हे भाकीत नाही, चाचणी आहे, असं बजावून तिने सांगितलं की एवढं झालं तरी बँका उभ्या राहतील. यावर तेव्हा पुष्कळ टीका झाली, घबराट पसरवता म्हणून. मला उलट वाटतं. शेअरचा भाव पडला तरी एकाही ठेवीदाराचा पैसा अडकला नाही, बँकांपुढे रांगा लागल्या नाहीत, हे २००८ नंतर सक्तीने वाढवलेल्या भांडवलामुळे आणि या असल्या रुक्ष तयारीमुळे झालं. ज्यांना लोकांनी निवडून दिलं नव्हतं त्यांनी गृहपाठ केला. ज्यांना निवडून दिलं होतं त्यांनी केला नाही.

सार्वमत घ्यायचं असेल तर दोन्ही पर्यायांमागचा आराखडा आधी लिहून लोकांपुढे ठेवणं सरकारवर कायद्यानेच बंधनकारक असावं, आणि बदलाच्या बाजूने कौल आला तर सविस्तर करारावर पुन्हा एकदा शिक्कामोर्तब कधी आणि कसं होणार, हेही त्याच कायद्यात असावं. असं झालं असतं तर लॉइड्सचा शेअर २४ जूनला पडलाच नसता असं मी म्हणत नाही. पडला असता, कदाचित तेवढाच. पण पडून कुठे थांबायचं ते त्याला कळलं असतं. वाईट बातमीची किंमत बाजार एका आठवड्यात लावतो. न आलेल्या बातमीची किंमत तो रोज नव्याने लावत बसतो.

भारतात बसलेल्या वाचकाला हे सगळं दूरचं वाटेल. २४ जून २०१६ च्या त्या शुक्रवारी सेन्सेक्स दिवसात हजारावर अंश कोसळून शेवटी ६०५ अंश खाली बंद झाला, जग्वार लँडरोव्हरमुळे टाटा मोटर्सला मोठा फटका बसला, आणि बाकीचा बाजार काही दिवसांत विसरला. आम्हा इकडच्या लोकांना ती आठवण वेगळ्या ठिकाणी टोचते. माझं पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज चालू होतं. पौंड शंभर रुपयांच्या घरात होता, ऑक्टोबरपर्यंत ८२ च्या आसपास आला. पगार तोच, काम तेच, आणि हप्त्यासाठी दरमहा जास्त पौंड मोडायचे. त्याच महिन्यांत मुलांची इथल्या विद्यापीठांची फी भरणाऱ्या नागपूर-नाशिकच्या पालकांना मात्र हायसं वाटलं असणार. चलन पडलं की कुणाचं तरी कमी होतं आणि कुणाचं तरी वाढतं. फरक एवढाच की मी तिशी-पस्तिशीत होतो. मला थांबणं परवडत होतं.

इथेच आजींचा प्रश्न पुन्हा समोर येतो. गुंतवणुकीच्या सल्लागारांचं ठरलेलं वाक्य असतं: दीर्घ मुदतीचा विचार करा. सल्ला खोटा नाही. पण दीर्घ मुदत ही प्रत्येकाच्या वाट्याला सारखी येत नाही. साडेतीन वर्षं म्हणजे पेन्शन फंडाच्या तक्त्यावरची एक छोटी खाच. त्र्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या उरलेल्या आयुष्याचा तो मोठा हिस्सा असतो. अनिश्चितता हा कर आहे असं मी म्हणेन, आणि तो वयाप्रमाणे चढत जातो. जितकं आयुष्य कमी उरलंय, तितका दर जास्त.

त्या शनिवारी मी आजींना म्हटलं की पुढे काय होणार ते मला माहीत नाही, जॉन्सनना तरी माहीत आहे की नाही कुणास ठाऊक. पण घर गरम ठेवणारा बॉयलर जुना झालाय, तर निम्मे विका, बॉयलर बदला, उरलेले ठेवा. एकाच बँकेच्या शेअरमध्ये सगळी शिल्लक असणं मला कधीच बरं वाटलं नव्हतं, तेही सांगितलं. त्यांनी वहीतल्या समासातल्या गोल केलेल्या ७२ वर बोट ठेवलं. तेवढा आला की विकेन, म्हणाल्या. नवऱ्याच्या वेळी जे होतं ते परत मिळाल्याशिवाय मोडायचं नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

डिसेंबरात निवडणूक झाली. जॉन्सन यांना ऐंशीचं बहुमत मिळालं, निकालाचा दिवस पुन्हा शुक्रवार, १३ डिसेंबर. बाहेर पडणार हे आता नक्की झालं, तेही मोठ्या बहुमताने, आणि बँकांचे शेअर वर उसळले. ज्या ब्रेक्झिटच्या कौलाने ते पाडले होते, त्याच ब्रेक्झिटच्या खात्रीने ते चढवले. माझ्या म्हणण्याला याहून मोठा पुरावा मला देता येणार नाही. वहीत ६५ च्या पुढचा आकडा लागला. आजी खुशीत होत्या. बॉयलरवाल्याकडून त्यांनी दरपत्रकही आणवलं. अजून थोडंच राहिलंय, म्हणाल्या.

जानेवारीअखेर ब्रिटन बाहेर पडलं. मार्चमध्ये करोना आला. ३१ मार्च २०२० ला बँक ऑफ इंग्लंडच्या नियामक विभागाच्या विनंतीवरून सगळ्या मोठ्या बँकांनी भागधारकांचा लाभांश रद्द केला. लॉइड्सचा २.२५ पेन्सचा अंतिम लाभांश मे महिन्यात जमा व्हायचा होता. साडेतीन वर्षं अडलेली वाट मोकळी झाली ती जेमतेम पंधरा आठवड्यांसाठी.

टाळेबंदीत मी त्यांचं वाणसामान दारात ठेवून दोन मीटर मागे उभा राहत असे. एप्रिलच्या पहिल्या शनिवारी त्यांनी खिडकीतूनच वही उघडून काचेला लावली. आदल्या दिवसाची नोंद तिशीच्या जवळची होती. लाभांशाच्या रकान्यात त्यांनी मे महिना लिहून ठेवला होता, समोरची जागा कोरी. बॉयलर त्या हिवाळ्यात कसाबसा चालला. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाने बदलून दिला.